जाधवांचा एक कमी

मागच्या महिन्यात कोणी तरी 'समस्त तोबरे परिवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि मला त्यात ढकललं. परिवार म्हणजे काय, मूठभर माणसं. काही नागपूरची, काही इंदूरची, एक ऑस्ट्रेलियात, आणि जबलपूरहून आम्ही. पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं, "अंकल, आपलं आडनाव कुठून आलं, आणि आपण इतके कमी काहून आहोत?" मी सगळ्यात म्हातारा, म्हणून उत्तर द्यायचं माझ्याकडे आलं. मी चष्मा लावून, एका बोटानं टायपून, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. पोरांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. कोणी लिहिलं, 'प्राउड टू बी तोबरे'. ते वाचून मला दुपारची झोप लागली नाही. कारण त्या ग्रुपमध्ये सगळे तोबरे म्हणून जन्मलेले आहेत, आणि त्यांना माहिती देऊन राहिला आहे तो मी, जो जन्मानं जाधव.

जे सांगितलं ते आधी इथंही सांगतो. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चण्यांची पिशवी. नागपूरकरांची फौज नर्मदेकडे आली तेव्हा तिच्याबरोबर आमचा मूळपुरुष आला, आणि त्याचं काम घोड्यांना तोबरे चढवायचं. माझ्या मामांच्या, अप्पांच्या मते तो पागेवरचा मोठा अधिकारी होता. चण्याच्या दाण्या-दाण्याचा हिशेब त्याच्याकडे, सरदारसुद्धा त्याला विचारून घोडा सोडत. माझे वडील, म्हणजे जन्मदाते, हे ऐकलं की मिशीत हसत. "अधिकारी कुठला दादा, मोतद्दार असेल, घोडे धुणारा. अधिकाऱ्याला काय कोणी तोबरे म्हणते?" अप्पांना याचा भयंकर राग येई. पण मेहुणा पडला, बोलणार काय. फौज गेली, घोडे गेले, काही लोक इकडेच राहिले आणि फॅक्टरीत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत चिकटले. जे परत महाराष्ट्रात गेले त्यांनी लाजेखातर गावाची नावं लावून घेतली. आणि लाज वाटणारच. शाळेत हिंदी पोरं आमच्या मागे लागत, "ए तोबड़े, चने खाएगा?" फुगलेल्या तोंडाला इकडे तोबडा म्हणतात, त्यामुळे गाल फुगवून दाखवायची सोयच होती. म्हणून आम्ही कमी. दुसरं कारण अप्पा सांगत नसत, ते असं की घराण्यात मुली फार झाल्या.

अप्पा म्हणजे वामनराव तोबरे, माझ्या आईचे थोरले भाऊ, माझे मामा. जबलपूरच्या नेपियर टाउनात घर, फॅक्टरीत अकाउंट्समध्ये नोकरी, आणि डोक्यात आडनावाचं वेड. स्टेशनवर कोणाला सोडायला गेले तरी डब्याला चिकटवलेला रिझर्वेशनचा चार्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटानं वाचायचे, कुठे तोबरे दिसतो का. गाडी सुटायची, पाहुणा हात हलवायचा, यांचं बोट चार्टवर. माई, म्हणजे त्यांची बायको, प्लॅटफॉर्मवर एकटीच हात हलवायची. माईला मूल झालं नाही. दवा झाल्या, नवस झाले, मैहरच्या देवीच्या पायऱ्या चढून झाल्या. मग एका दसऱ्याला आम्ही सगळे नेपियर टाउनला आईच्या माहेरी जमलो होतो तेव्हा अप्पांनी जेवता जेवता विषय काढला. मी तिथेच पंगतीत होतो, नऊ-दहा वर्षांचा. "केशवराव," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्याकडे दोन आहेत. आणि जाधव काय, पोत्यानं आहेत. जाधवांचा एक कमी झाला तर कोणाला कळणार आहे?"

बाबांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. त्यांनी आईकडे पाहिलं. आई वाढत होती. ती तशीच वाढत गेली, माझ्या पानात पुरणाची पोळी टाकली, तूप सोडलं, आणि हात न थांबवता म्हणाली, "दादाचं नाव राहिलं पाहिजे." तोबऱ्यांची लेक होती ती. जाधवांच्या घरी पंधरा वर्षं नांदूनही तिच्या बोलण्यात 'आमच्याकडे' म्हटलं की नेपियर टाउन असायचं. आज मला प्रश्न पडतो की त्या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं का नाही. तेव्हा नाही पडला. तेव्हा मी तूप किती सोडलं ते बघत होतो.

आता खरं सांगायचं तर मी राजी होतो. शहपुरा गावातल्या आमच्या घरात धूर फार. पावसाळ्यात चुलीपुढे बसलं की डोळे चुरचुरायचे, भिंतीला ओल यायची, आणि थोरल्या भावाचे, नारायणदादाचे, जुने शर्ट मला. जेवण साधं पण झकास. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गाकर, आई ते फडक्यात घेऊन राख झटकायची त्याचा फट फट आवाज, वांग्याचं भरीत, हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ मटार. मटार इतके की आम्ही पोरं वैतागायचो. आणि नेपियर टाउनला पंखा. घरात नळ. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून खव्याची जिलबी, काळी, जड, पाकात निथळणारी. माई मला बशीत देऊन समोर बसून राहायची, मी खातो ते बघत. तिला कोणीतरी खाताना बघायचं होतं, आणि मला खायचं होतं. अशी आमची जोडी जमली.

दत्तकविधान झालं. होमाच्या धुरात बाबांनी माझा हात धरून अप्पांच्या हातात दिला, आणि माईनं मला मांडीवर घेतलं. चांगला दांडगा होतो मी, तिच्या मांडीवर मावेना, सगळे हसले. तिनं माझं डोकं हुंगलं. मला नवा गबरडीनचा शर्ट होता, त्याचा कोरा वास मला इतका आवडला होता की मी नाक खांद्याशी नेऊन तोच हुंगत होतो. दुपारी पंडितजींनी मला समोर बसवून नात्यांची उजळणी घेतली. मामा ते आता अप्पा. मामी ती माई. आई ती आत्या. आणि बाबा? आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामा म्हणतात, म्हणून बाबा झाले मामा. एका दुपारीत मामाचा बाप झाला आणि बापाचा मामा. नारायणदादा तेवढा दादाच राहिला, आतेभाऊही दादाच असतो. पाढे पाठ करायला मला दोन वर्षं लागली होती. हे मी संध्याकाळपर्यंत पाठ केलं, एकदाही चुकलो नाही. सगळ्यांनी कौतुक केलं, "लड़का होशियार है." शहपुऱ्याची बस सुटली तेव्हा मी माईच्या पदराशी उभा राहून म्हणालो, "या हं आत्या." आई खिडकीतून "हो" म्हणाली.

त्यानंतर ती हिवाळ्यात एकदा मटारची थैली घेऊन यायची. व्हरांड्यात माई खुर्ची द्यायची, ही जमिनीवर बसायची. दोघी शेंगा सोलायच्या. टरफलांचा ढीग, दाणे परातीत पडल्याचा टप टप आवाज, आणि दोघींचं बोलणं माझ्यावर. काय खातो, किती उंच झाला, खोकला गेला का. मी समोरून बॅट घेऊन जायचो. "काय म्हणता आत्या, बरं ना?" आणि पसार. ती दसऱ्याला मात्र येईनाशी झाली. दसऱ्याला लेकीनं माहेरी यायचं हा तिचा इतक्या वर्षांचा रिवाज, तो तिनं मोडला. काहून मोडला हे मी विचारलं नाही. लेकराला सणाला दोन आया नकोत एवढी अक्कल तिला होती. मला नव्हती.

दसऱ्याचं सांगायला हवं. तोबऱ्यांच्या घरी दसऱ्याला घोडा जेवल्याशिवाय माणूस जेवत नाही. खांडेनवमीच्या रात्री चणे भिजत टाकायचे, सकाळी त्यांत गूळ कालवायचा, नव्या कापडाचा तोबरा शिवलेला असतो त्यात भरायचा, आणि घराचं नाव चालवणाऱ्यानं तो आपल्या हातानं घोड्याला चढवायचा. घोड्यानं सगळं संपवलं की तोबऱ्याच्या तळचे उरलेसुरले दाणे घरात प्रसाद म्हणून वाटायचे, मग पानं. तोवर घरातली लहान पोरंसुद्धा उपाशी. आमच्याकडे करीमचाचा आपल्या टांग्याची घोडी आणत, न्हाऊ घालून, आयाळीला झेंडू बांधून. मी दत्तक आल्यापासून तोबरा माझ्या हातात आला. घोडीच्या तोंडाचा गरम ओला श्वास मनगटावर यायचा, पिशवीच्या आत करकर करकर दाढा चालायच्या, आणि अप्पा छाती काढून उभे राहायचे. शेजारचे लोक बघायला येत. करीमचाचा म्हणत, "खा ले बेटी, आज मालिक तेरे बाद खाएँगे." आता टांगे कुठे राहिले. माझा मुलगा लग्नाच्या वरातीतली घोडी तासाच्या बोलीवर आणतो, आणि तिचा मालक सारखं घड्याळ बघत असतो.

मी अकरावीत होतो त्या वर्षीची गोष्ट. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला शहपुऱ्याहून निरोप आला, बाबा गेले. शेतावर गेले होते, बांधावर जरा टेकले, ते टेकलेलेच राहिले. अप्पा आणि मी पहिल्या बसनं गेलो. अंगणात माणसं होती. ओसरीपुढे न्हावी बसला होता आणि नारायणदादाची हजामत चालली होती. मी कोणाला काही न विचारता दादाच्या मागे जाऊन बसलो. बापाच्या मागे पोरं डोकं उतरवतात एवढंच मला माहीत. न्हाव्यानं दादाचं आटोपलं, वाटीतलं पाणी घेऊन माझे केस भिजवले, वस्तरा पट्ट्यावर घासला. तेवढ्यात अप्पा आले आणि त्यांनी माझा दंड धरला. "याचं नाही करायचं. हा तोबरे आहे." न्हावी थांबला. पंडितजींकडे सगळ्यांनी पाहिलं. पंडितजी म्हणाले, "दत्तक गेला. जन्मदात्याचं सुतक याला तीन दिवस. केस नाही, अग्नी नाही." मी उठलो. पाणी कानांवरून शर्टात उतरत होतं.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहितोच. दुःख होतं, सगळं होतं. पण त्यातच कुठेतरी बरं वाटलं की आता चकोट करून शाळेत जावं लागणार नाही. मी बापाच्या चितेपाशी अप्पांच्या शेजारी ओल्या केसांनी उभा राहिलो, पाहुण्यांत. माझ्यासारख्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

तीन दिवस मी तिथंच राहिलो. चौथ्या दिवशी आंघोळ झाली तेव्हा मला वाटलं, राहावं आणखी. दादा घोंगडीवर एकटा पडलेला असायचा. मी अप्पांना तसं म्हणणार, तोच आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. बाबा गेल्यापासून ती बोलली नव्हती. "सुधाकर, तू जा. दसरा येऊन राहिला. घोडं उपाशी राहायला नको." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अप्पांनी पिशवी उचलली. मी दाराशी जाऊन "येतो आत्या" म्हणालो. आत अंधार होता, ती मला दिसली नाही.

दसरा झाला. अप्पांनी या वर्षी शेजाऱ्यांना बोलावलं नाही, एवढाच काय तो शोक.  माई पुरण वाटता वाटता मधेच थांबे आणि माझ्याकडे बघे, आणि मी बघितलं की पुन्हा वाटायला लागे. सकाळी मी तोबरा चढवला. घोडीनं सगळं खाल्लं. पानं वाढली. मला वाटलं होतं घास उतरणार नाही, पण भूक लागली होती हो. सोळा वर्षांचं पोर, रात्रीपासून पोटात काही नाही. पहिली पोळी खाल्ली. दुसरी घेतली. तिसरीला माई म्हणाली, "वाढू?" आणि मी मान हलवली. पोळी गरम होती, तूप विरघळत होतं, वेलदोड्याचा वास होता. छान लागली. आजवर मी हजार पोळ्या खाल्ल्या असतील, त्या पोळीची चव विसरलेलो नाही.

जेवून नवे कपडे घालून मी सोनं द्यायला निघालो, हातात आपट्याची पानं, कपाळाला कुंकू. फाटकाशी नारायणदादा उभा. डोकं चकोट, दाढीचे खुंट, पायांत चपला नाहीत. दहाव्या-अकराव्याचं सामान आणायला बाजारात आला होता, हातात पिशव्या. सुतक असल्यामुळे तो फाटकाच्या आत येईना आणि मी बाहेर जाऊन त्याला शिवावं की नाही हे मला कळेना. मी सोन्याची पानं मागे लपवली. त्यानं माझ्या कपड्यांकडे पाहिलं, पण तोंडावर काही दाखवलं नाही. मोठा भला माणूस होता दादा.

"घोडीनं खाल्लं का?" त्यानं विचारलं.

"खाल्लं. काहून?"

"आईनं विचारून ये म्हटलं. दरवर्षी दिवे लागेपर्यंत थांबते ना ती. तिथं तिला कोण सांगणार, घोडं जेवलं का नाही? दिवे लागले की म्हणते, आता जेवलं असेल, आणि मग पान घेते. यंदा मी इकडंच येऊन राहिलो तर म्हणाली, विचारून ये. सकाळपासून पाणीसुद्धा नाही घेतलं. चलो, निघतो, बस निघून जाईल."

मी म्हणालो, "पाणी तरी पी."

"इथं कसं पिऊ," तो म्हणाला, आणि पिशव्या सावरत गेला.

मी फाटक धरून उभा राहिलो. सहा-सात दसरे झाले होते मला तोबरे होऊन. दर दसऱ्याला सकाळी अकराच्या आत मी जेवून ढेकर दिला होता, आणि तिकडे चुलीपाशी ती दिवेलागणीची वाट बघत बसली होती. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पण मी तरी? माझी आई याच घरची लेक, हाच नेम पाळत वाढलेली, हे मला ठाऊक होतं. मग ती कधी जेवत असेल असं एकदाही डोक्यात आलं नाही. अप्पा चार्टवर तोबरे शोधत फिरले. खरी तोबरे शहपुऱ्यात उपाशी बसली होती, आणि आम्ही दोघांनी तिला पाहिलं नाही. घरात गेलो तर माई व्हरांड्यात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचं पान अजून तसंच झाकून ठेवलेलं मी तेव्हा पाहिलं.

तेराव्याला आम्ही तिघं शहपुऱ्याला गेलो. पंगती उठल्या, भांडी घासायला गेली, आणि आई स्वयंपाकघरात एकटी सापडली. पांढऱ्या कपाळाची, उकिडवी बसून उरलेला भात पातेल्यातून काढत होती. बसमध्ये मी खूप काही ठरवलं होतं. सगळं सांगणार होतो, वस्तरा, ती पोळी, सगळं. तोंडातून एकच निघालं. "आई."

तिचा हात थांबला. तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे, नीट, वरपासून खालपर्यंत, जसं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरले आणि मला वाटलं, आता जवळ घेईल. मी पुढे सरकलोसुद्धा.

"असं नको म्हणू," ती हळू म्हणाली. "वहिनी बाहेर आहे, ऐकेल."

"ऐकू दे."

"वेड्यासारखं नको करू. मला नारायण आहे रे. तिला काय आहे?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "जेवलास ना पोटभर? जा मग. अप्पा वाट बघून राहिले असतील."

मी भांडायला हवं होतं. पोरं आईशी भांडतात, पाय आपटतात, ऐकत नाहीत. मी नुसता उभा राहिलो आणि तो सुटल्याचा गार वारा पुन्हा अंगावरून गेला, न्हाव्यापुढून उठताना गेला होता तोच. तिनंच सांगितलं, आता आपल्यावर काही नाही. संध्याकाळच्या बसनं परत जायचं, पंख्याखाली झोपायचं, माईच्या हातचं खायचं, आणि कोणाचा काही रोष नाही. "बरं आत्या," मी म्हणालो.

ती त्यानंतर पुष्कळ जगली. माझ्या लग्नात आली, माझ्या दोन्ही मुलांच्या बारशाला आली, तोबऱ्यांना नातू झाले म्हणून तिनं शहपुऱ्यात पेढे वाटले. पुढच्या प्रत्येक दसऱ्याला घोडीनं खाल्लं की मी सायकलवर, मग स्कूटरवर, मग फोनवर तिला कळवत राहिलो, आणि ती दरवेळी विचारायची, "वहिनी जेवली का?" माई तिच्या आधी गेली. त्या दिवशी आमच्या दोघांमधली शेवटची अडचण संपली होती. मी तिला घ्यायला शहपुऱ्याला गेलो, ती जीपमध्ये माझ्या शेजारी बसली, तासभर आम्ही दोघंच होतो, ऐकणारं कोणी नव्हतं. ती अधूनमधून माझ्याकडे बघत होती. आज मला कळतं ती कशाची वाट बघत होती. मी तिला विचारलं, "आत्या, खिडकी लावू का?"